दोन्हीकडं चालणारा शब्द

“कॉस्टिक म्हणजे काय रे?”

त्र्यंबकबुवांनी हातातल्या पत्रावरची नजर न काढता विचारलं.

उन्मेष चुलीपुढं बसला होता. आघाड्याच्या राखेचं गाळलेलं पाणी लोखंडी कढईत आटत होतं. तो ढवळायचा थांबला.

“कुठं आहे शब्द?”

“तुझ्या प्राचार्यांच्या पत्रात. सगळं पत्र मराठी, आणि त्यात हा एकच पाहुणा.”

“वाचा ना.”

“‘विद्यार्थी बुद्धिमान. हात सफाईचा. जीभ मात्र कॉस्टिक.’”

उन्मेष हसला. प्राचार्यांनी तक्रार म्हणून लिहिलेलं त्याला शाबासकीसारखं वाटलं.

“कॉस्टिक म्हणजे जाळणारं, बुवा. कातडं, मांस खाणारं. आपण हा क्षार करतोय ना, हा कॉस्टिक. मोरी साफ करायला आणतात तो सोडा, तोही कॉस्टिक.”

“आणि जिभेचं काय?”

“तोच शब्द. झोंबरं बोलणाऱ्यालाही कॉस्टिक म्हणतात. दोन्हीकडं चालतो.”

“आपल्यात नाही का असा?”

“झोंबरा आहे, बोचरा आहे. पण ती मजा नाही.”

“जहाल?” बुवा म्हणाले. “विषही जहाल, भाषणही जहाल.”

“जहाल म्हटलं की आरडाओरडा आला. कॉस्टिक माणूस आवाज चढवत नाही. शांतपणे एक वाक्य टाकतो... आणि ते आत उतरत जातं.”

बुवांनी आता वर पाहिलं.

“आवडलेला दिसतोय शब्द.”

उन्मेष पुन्हा ढवळू लागला.

त्र्यंबकबुवा म्हणजे गोदाकाठच्या सावळदचे वैद्य. वय अठ्ठ्याहत्तर. भगंदर, मोड, चामखिळी, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमा, असं काही झालं की चार-पाच तालुक्यांतली माणसं त्यांच्या ओसरीवर येत. बुवा पाण्यात कालवलेला क्षार लावत. काचेच्या सळईनं, थेंबाथेंबानं. मेलेलं मांस तेवढं जळून जाई आणि खालून लालबुंद जिवंत मांस वर येई.

उन्मेष रत्नपारखी आयुर्वेदाची पदवी घेऊन त्यांच्याकडं एका वर्षासाठी आला होता. हे चौथं वर्ष चालू होतं.

क्षार करण्यात तो बुवांच्या पुढं गेला होता. पाणी कधी उतरवायचं हे त्याला रंगावरून नाही, नुसत्या वासावरून कळे. पण क्षार करणं वेगळं आणि लावणं वेगळं. चार वर्षांत बुवांनी एकाही रोग्यावर त्याला बाटली उघडू दिली नव्हती.

आता शहरातल्या एका रुग्णालयात क्षाराचा स्वतंत्र विभाग निघत होता. प्राचार्यांनी उन्मेषचं नाव सुचवलं होतं. बुवांनी दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या, की हा स्वतंत्रपणे क्षार लावू शकतो. महिनाअखेरपर्यंत.

“लिहिणार ना?” उन्मेषनं विचारलं.

बुवांनी पत्राची घडी घातली.

“मंगळवारी एक बाई आली होती. पोटरीला फडकं बांधलेली. मी आंघोळ उरकून बाहेर आलो, तर तिची जागा रिकामी.”

“कौसाबाई. नदीपलीकडच्या निमखेडची. शाळेत खिचडी शिजवते.”

“गेली का?”

“गेली.”

“का?”

“मी तिला फक्त खरं ते सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

उन्मेष जरा थांबला. पण वाक्य इतकं नेमकं होतं, की ते पुन्हा म्हणायचा मोह त्याला आवरला नाही.

“फडकं सोडलं तर आतून वास आला. विचारलं, कधीपासून? म्हणाली, दोन महिने. मी म्हणालो, बाई, ही जखम नाही, हा आळस आहे. दोन महिन्यांचा.”

“ओसरीवर कोण होतं?”

“होते की दहा-बारा जण. सगळे हसले.”

“आणि ती?”

“तीही हसली.”

“मग?”

“मग...” उन्मेषनं कढईत पाहिलं. “मग फडकं बांधून उठली.”

चुलीत एक ओलं लाकूड फसफसत राहिलं.

मग बुवा उठले, गुडघ्यावर हात टेकत चुलीपाशी आले आणि उन्मेषच्या हातातला झारा त्यांनी काढून घेतला.

“तिला घेऊन ये.”

“आत्ता? पाणी उतरायला आलंय, बुवा.”

“ते मी बघतो.”

“तिला गरज असेल तर येईल की ती.”

बुवा ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उन्मेषनं मोटरसायकल काढली ती रागातच. पुलावरून जाताना तो मनातल्या मनात बुवांशी भांडत होता. खरं बोलायचं नाही का वैद्यानं? गोंजारत बसायचं? दोन महिने वास मारेपर्यंत घरी बसणाऱ्या माणसाला काय म्हणायचं मग? एकाहून एक चोख वाक्यं सुचत होती. एरवी अशी वाक्यं सुचली की त्याला बरं वाटे. आज गाडीच्या आवाजात ती नुसती डोक्यात आपटत राहिली.

निमखेडची शाळा रस्त्यालाच होती. मागच्या बाजूला पत्र्याची खोली. आत दोन बायका. एक तांदूळ धूत होती. दुसरी भल्यामोठ्या पातेल्यापुढं उभी राहून उलथनं फिरवत होती. एका पायावर. दुसऱ्या पायाची नुसती बोटं टेकलेली.

“कौसाबाई?”

तिनं वळून पाहिलं. पदर सावरला.

“आवो डाक्टर! तुमी कशाला आलात?”

“बुवांनी बोलावलंय. पाय दाखवायला चला.”

“आता काही काम नाही त्याचं.” ती हसली. चेहरा मात्र घामानं डबडबला होता, आणि तो घाम चुलीचा नव्हता. “मी केलं बगा मपलं मीच. पुन्हा तुमाला तरास नको.”

“काय केलंत?”

“तुमचंच औषध लावलं.”

उन्मेषला कळेना. तांदूळ धुणारी बाई, सिंधू तिचं नाव, हात पुसत पुढं झाली.

“मीच सांगितलं तिला. माझ्या भावाला बुवांनी लावलं होतं ना. तो म्हणायचा, खारी पूड असते, सोड्यासारखी. ती लावली की सडकं मांस जळून जातं.”

“मग?”

“मग तो लावला की. सोडा.”

सिंधूनं खिडकीकडं बोट केलं. तिथं प्लॅस्टिकचं एक पाकीट होतं, तोंड रबरानं बांधलेलं. शाळेची मोरी तुंबली की वापरायला आणलेलं. त्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत दोन शब्द छापले होते. पहिला शब्द वाचला आणि उन्मेष झटकन कौसाबाईकडं वळला.

“कधी लावलात?”

“सकाळी. सातला.”

अकरा वाजत होते.

“चार तास? चार तास हे पायावर ठेवून उभ्या आहात?”

“झोंबतंय लई,” कौसाबाई म्हणाली. “पर झोंबतंय मंजी गुण येतोय, आसं वाटलं.”

उन्मेषनं तिला धरून पायरीवर बसवलं. फडकं सोडलं. ते सुटत नव्हतं. त्याची बोटं साबण लागल्यासारखी बुळबुळीत झाली. मग तीही चुरचुरायला लागली.

“पाणी! सिंधूताई, पाणी आणा!”

“किती?”

“असेल तेवढं.”

बाहेरच्या टाकीतून सिंधू कळशीमागून कळशी आणत होती. उन्मेष ओतत होता. पायावर, फडक्यावर, पुन्हा पायावर. पायरीखाली चिखल झाला. त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. फडकं सुटलं तेव्हा खालचं दिसलं. मंगळवारी रुपयाएवढी होती ती जखम. आता पोटरीची अर्धी बाजू राखाडी, ओलसर झाली होती.

कौसाबाई ओरडली नाही. पायरीची कड तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“कशाला केलंत हे?” उन्मेष म्हणाला. “परत यायचं ना... मी लावलं असतं... बुवांनी लावलं असतं...”

“तुमी म्हणालात ते खरंच होतं की. आळसच.” ती दातांवर दात दाबून म्हणाली. “म्हटलं, आपला आळस आपुनच काढावा.”

उन्मेषच्या हातातली कळशी तशीच राहिली.



“ओता की,” सिंधू ओरडली. “ओता ना!”

त्यानं ओतलं.

रिक्षा मिळवून त्यानं तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, पाण्यानं धुतलंत ते बरं केलंत म्हणाले, आणि आत घेतलं. कातडी मांडीवरून काढून बसवावी लागणार होती. पाय राहील का, हे दहा दिवसांनी सांगतो म्हणाले.

उन्मेष सावळदला आला तेव्हा ऊन उतरलं होतं. बुवा ओसरीवर क्षार खलत बसले होते. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सांगताना तो ओसरीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं येरझाऱ्या घालत होता.



“बोला ना काहीतरी,” उन्मेष म्हणाला. “मला हाकलून द्या. शिक्षा करा.”

बत्ता फिरत राहिला.

“ही जीभच जाळून टाकायच्या लायकीची आहे, बुवा. तीही तुमच्याच क्षारानं!”

बत्ता थांबला.

“छान जमलंय वाक्य,” बुवा म्हणाले.

उन्मेष जागच्या जागी उभा राहिला. मग ओसरीवरून उतरला आणि अंधार पडेपर्यंत नदीच्या कडेनं चालत राहिला. चालूनही त्याला थकवा येईना.

त्या दिवसापासून तो रोज तालुक्याला जाऊ लागला. सकाळची कामं उरकून, मोटरसायकलवर. कौसाबाईसाठी कधी भाकरी, कधी मोसंबी. तिच्या खाटेशेजारी तो बसे, पण धड बसत नसे. कधी सलाईनची नळी बघे, कधी खिडकी उघडे, मग लावे. बोलायला तोंड उघडे आणि मिटे.

आठव्या दिवशी ती म्हणाली, “तुमी रोज काय सांगायला येता?”

“काही नाही.”

“सांगून टाका. नाहीतर उद्या पुन्हा याल.”

तो खाली बघत म्हणाला, “माझं चुकलं, कौसाबाई. मी तसं बोलायला नको होतं.”

तिनं मान हलवली.

“बोलण्याचं नाही वो. मपली सासू याच्याहून लई बोलायची. तिनं शिव्या घातल्या तर मी गिळलं.”

“मग?”

“ती माझ्याशी बोलायची.” कौसाबाईनं पायावरची चादर सारखी केली. “तुमी माझ्याशी बोललाच नाहीत. ते बाकावर बसलेले होते ना, त्यांच्याशी बोललात. पाय नुसता माझा होता.”

वॉर्डातला पंखा खडखडत फिरत होता.

उन्मेषनं विचारलं, “दोन महिने का थांबलात?”

“कामून म्हणजे? खाडा केला की दुसरी बाई ठेवतात. तिच्या हाताखाली मग मी उभी राहायचं.” ती त्याच्याकडं पाहत राहिली. “हे त्या दिवशी विचारायचं ना.”

कौसाबाईचा पाय राहिला. टाच नीट टेकेना, पण राहिला. तिची जागा सिंधूनं कुणाला घेऊ दिली नाही. एकटीनं दोघींचं रांधलं आणि हजेरीवर दोघींची नावं घातली. दीड महिन्यानं कौसाबाई काठी घेऊन पातेल्यापुढं उभी राहिली.

मधल्या काळात महिनाअखेर येऊन गेली होती. बुवांनी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि उन्मेषनं मागितल्याही नाहीत. त्यानंच प्राचार्यांना कार्ड टाकून कळवलं, की मी सध्या येत नाही. बुवांना ते नंतर पोस्टमनकडून कळलं. ते फक्त “हं” म्हणाले.

उन्मेष मात्र गप्प झाला.

ओसरीवर रोगी येत. तो नाव लिहून घेई, जखम धुई, पट्टी बांधी. कुणी काही विचारलं की “बरं”, “हो”, “बघू.” पूर्वी त्याच्या बोलण्याला हसणारी माणसं आता कंटाळून एकमेकांत बोलत. रात्री त्याला झोप लागत नसे. दिवसा हात थांबत नसत. स्वच्छ असलेल्या बाटल्या तो पुन्हा पुन्हा घासे.

एका सकाळी करडीच्या घाण्यावर काम करणारा एक तरुण हातावरची मोठी चामखीळ घेऊन आला. बुवांनी पाहिली. मग क्षाराची बाटली उचलली आणि उन्मेषपुढं सरकवली.

“लाव.”

उन्मेष मागं सरकला.

“मी नको, बुवा.”

“चार वर्षं मागत होतास.”

“तेव्हा मागत होतो.”

“आणि आता?”

“आता... भीती वाटते.”

“म्हणूनच देतोय,” बुवा म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

उन्मेषनं बाटलीचं बूच काढलं. सळई बुडवली. तरुण त्याच्या हाताकडं बघत होता.

“दुखेल का?”

उन्मेषच्या ओठांवर “नाही” आलं होतं. ते त्यानं गिळलं.

“झोंबेल. मी शंभर मोजेपर्यंत. मग थांबवीन.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यानं चामखिळीवर थेंब टेकवला आणि मोठ्यानं मोजायला लागला. तरुणानं डोळे मिटले. साठला त्याचा जबडा आवळला गेला. ऐंशीला चामखीळ पिकल्या जांभळासारखी काळी पडली. शंभर झाले तसं उन्मेषनं लिंबाचा रस पिळला, पाण्यानं धुतलं, तूप लावलं. तरुणानं डोळे उघडले आणि हाताकडं अविश्वासानं पाहिलं.

त्या पंधरवड्यात उन्मेषनं अकरा जणांना क्षार लावला. प्रत्येक वेळी मोठ्यानं मोजून. बोलणं मात्र तेवढंच. मोजण्यापुरतं.

मग शेषराव कदम आले.

साठीचा गडी, धिप्पाड, पांढऱ्या मिशा. येतानाच ओसरी दणाणून सोडणारा. तंबाखूची चंची कमरेला. गालाच्या आत, मागं, काहीतरी उठलं होतं म्हणे. महिना-दीड महिना झाला. तिखट लागतं, तोंड पुरतं उघडत नाही.

बुवांनी विजेरी पेटवून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विजेरी उन्मेषच्या हातात दिली आणि काही न बोलता शेजारी बसले.

उन्मेषनं पाहिलं. पांढरा चट्टा, मध्ये चिरलेला. कडा उंच आणि कठीण. बोट लावलं तर रक्त आलं. मानेखाली चाचपलं तर एक गाठ हाताला लागली, हलत नव्हती.

त्याला कळलं.

“लावा तुमचा क्षार आणि करा मोकळं,” शेषराव म्हणाले. “पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न आहे. जिलेबी खायचीय मला.”

ओसरीवरचे दोघं-तिघं हसले.

उन्मेष विजेरी विझवत, पेटवत राहिला.

“बघू...” तो म्हणाला. “होईल... होईल बरं.”

“झालं तर! लावा मग.”



बुवांनी हात लांब केला. क्षाराची बाटली घेतली. बूच काढलं, आणि ती उघडी बाटली उन्मेष आणि शेषराव यांच्या मधोमध ठेवली. काचेची सळई उन्मेषच्या हातात दिली.

“लाव,” म्हणाले.

उन्मेषनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. बुवांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

शेषरावांनी तोंड उघडलं. जेवढं उघडत होतं तेवढं.

सळई उन्मेषच्या हातात होती. बाटली उघडी होती...

त्यानं सळई खाली ठेवली. बूच लावलं.

“शेषरावकाका, जरा मागच्या अंगणात येता? तुमच्याशी बोलायचंय.”

“इथंच बोल की. आपलीच माणसं आहेत.”

“नाही. तुमच्याशी बोलायचंय.”

मागं कडुलिंबाखाली दोन दगड होते. एकावर शेषराव बसले. दुसऱ्यावर उन्मेष. चार महिन्यांत पहिल्यांदा तो हालचाल न करता बसला. हात मांडीवर, नजर शेषरावांच्या डोळ्यांत.

“काका, हे क्षाराचं काम नाही.”

“मग कशाचं?”

“हा कॅन्सर असावा असं मला वाटतं. तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण मला वाटतं.”

शेषराव हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं.

“लग्न झाल्यावर बघू.”

“नाही. आज. तालुक्याला दाखवायचं, ते शहरात पाठवतील. आत्ता गेलात तर कदाचित थोडकं काढून भागेल. लग्नापर्यंत थांबलात तर जबडा जाईल. त्याच्या पुढं थांबलात तर तुम्ही.”

शेषराव ताडकन उठले. दगडाला पाय लागला, त्यांना कळलं नाही.

“कालचं पोर तू! बुवांनी काही म्हटलं नाही आणि तू मला मारायला निघालास? माझ्या पोरीच्या लग्नाच्या तोंडावर?”

“काका...”

“तोंड आवर! त्या निमखेडच्या बाईचं काय केलंस ते सगळ्या गावाला माहीत आहे.”

उन्मेष दगडावरून उठला नाही, आणि नजरही त्यानं काढली नाही.

“ते खरं आहे,” तो म्हणाला. “आणि हेही खरं आहे. आज जा, काका.”

शेषराव बघत राहिले. मिशीखालचा ओठ हलत होता. एकदम त्यांनी कमरेची चंची उपसली, अंगणात भिरकावली आणि पाय आपटत बाहेर गेले. ओसरीवरच्या लोकांनी काय झालं म्हणून विचारलं. फाटक उघडंच राहिलं. थोड्या वेळानं ते रस्त्यानं जाताना दिसले, तालुक्याची एसटी थांबते त्या वडाकडं. मघा ओसरी दणाणून सोडणारा माणूस खांदे पाडून चालत होता. मध्येच थांबला. गालाला हात लावला. पुन्हा चालायला लागला.

उन्मेष ओसरीवर आला. बसला. उठला. पुन्हा बसला.

“बुवा.”

बुवा बाटलीच्या बुचावरचा ओघळ फडक्यानं पुसत होते.

“मी बोललो ते जास्त झालं का?”

बुवा पुसत राहिले.

“शब्द जरा... मी वेगळे वापरायला हवे होते का? ‘तुम्ही जाल’ असं नको होतं का म्हणायला? पण हळू सांगितलं असतं तर ते लग्नानंतरच गेले असते. हो ना? सांगा ना, बुवा. मी बरोबर बोललो ना?”

“मला काय विचारतोस?”

“मग कुणाला विचारू?”

बुवांनी बाटली फळीवर ठेवली. मग मान वळवून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

“शेषरावांची गाडी सुटायला अजून दहा मिनिटं आहेत.”